मसाला उकळा, रस नको: नागपुरी संत्र्याचं थंडीतलं मॉकटेल

संत्र्याचा रस पातेल्यात ओतायचा, दालचिनी-लवंग टाकायची आणि गॅस पेटवायचा, ही या पेयाची सगळ्यात प्रचलित आणि सगळ्यात फसवी पद्धत. सफरचंदाच्या किंवा द्राक्षाच्या रसाला ती चालते, नागपुरी संत्र्याला नाही. रस कडवट होतो, मग कडूपणा झाकायला साखर, साखरेला उतारा म्हणून लिंबू, आणि शेवटी हातात येतो तो काढा. मसाल्याचा पाक वेगळा, रस वेगळा, दोघांची गाठ थेट ग्लासात. एवढं पाळलं तर बाकीच्या बऱ्याच चुका निभावून जातात.

असं का होतं ते समजून घेतलं की पुढची कृती पाठ करावी लागत नाही. संत्र्याच्या बियांत आणि फोडीच्या पापुद्र्यात एक घटक असतो, जो आहे तसा कडू लागत नाही. बी फुटली किंवा पापुद्रा चिरडला की तो रसात उतरतो, आणि रसाच्या आंबटपणामुळे त्याचं हळूहळू लिमोनिन तयार होतं. लिमोनिन मात्र कडूजहर. म्हणून सकाळी काढलेला रस तेव्हा छान लागतो आणि फ्रीजमध्ये ठेवलेला तोच रस संध्याकाळी तोंडात धरवत नाही. आच दिली की हा प्रकार फार लवकर उरकतो. मोसंबीचंही तेच. रसवाला समोर रस काढून लगेच ग्लास हातात देतो, त्यात ताजेपणाइतकाच हाही हिशोब आहे.

संत्री कोणती घ्यायची

नागपुरी संत्र्याचे दोन बहर, म्हणजे दोन वेळच्या फुलोऱ्याची फळं, बाजारात येतात. आंबिया बहराची फळं दिवाळीच्या आसपासपासून डिसेंबरपर्यंत, तर मृगाची साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये. आंबिया किंचित आंबट, मृग जास्त गोड. काटोल, नरखेड, वरुड, मोर्शी या पट्ट्यातला माल पुण्या-मुंबईला येतो तोही याच क्रमाने. मॉकटेलसाठी आम्ही आंबियाच्या बाजूचे. पाकाची गोडी पेलायला अंगात थोडा आंबटपणा लागतो, आणि मृगाच्या संत्र्याला तो लिंबातून द्यावा लागतो.

जानेवारीपासून मुंबई-पुण्याच्या गाड्यांवर संत्री म्हणून जे चकचकीत, गडद केशरी फळ दिसतं ते पुष्कळदा किन्नू असतं. ओळखायला सोपं आहे. किन्नूची साल अंगाला घट्ट चिकटलेली असते, नागपुरीची सैल आणि थोडी फुगीर, देठाकडे बहुतेकदा उंचवटा. किन्नूत बिया भरपूर, त्यामुळे रस कडवट होण्याचा धोकाही जास्त. तेच मिळालं तर वापरा, पण मिक्सरच्या जवळपासही नेऊ नका.

फळ हातात घेऊन वजन बघा. दिसायला मोठं पण हाताला हलकं म्हणजे आत फोडी सुकलेल्या. सालीवर हिरवी छटा असली तर घाबरायचं कारण नाही, आत फळ पिकलेलं असू शकतं.

साहित्य, चार ग्लासांसाठी

रसासाठी आठ मध्यम संत्री, म्हणजे साधारण एक किलो ते सव्वा किलो. त्यातून ४०० ते ४५० मिलि रस निघतो.

पाकासाठी:
- साखर १५० ग्रॅम
- पाणी १८० मिलि
- दालचिनी, बोटभर लांबीचा एक तुकडा
- लवंगा ४
- हिरवी वेलची ३, फक्त फोडून
- काळी मिरी ८ दाणे, जाडसर ठेचून
- आलं १५ ग्रॅम, ठेचून
- चक्रीफुलाच्या ३-४ पाकळ्या
- दोन संत्र्यांच्या सालीचा कीस
- पादेलोण, दोन चिमटी

शेवटी लागेल ते: एका मोठ्या लिंबाचा रस, थंडगार साधा सोडा ३२० मिलि, बर्फ, जायफळ.

मसाल्याबद्दल थोडं सविस्तर बोलायला हवं, कारण पाकाची चव तिथेच ठरते. वाण्याकडे स्वस्तात मिळणारी जाड, कडक, एकाच पदराची साल म्हणजे कॅशिया. ती उग्र असते, एक तुकडा पुरे. कोकणात होणारी ‘कोकण तेज’ जातीसारखी किंवा श्रीलंकेची खरी दालचिनी पातळ, एकात एक गुंडाळलेल्या अनेक पदरांची आणि बोटांनी चुरगळणारी. तिचा वास नाजूक, म्हणून ती असेल तर दोन तुकडे घाला. दोन्हींपैकी काहीही असो, पूड नको. दालचिनीची पूड पातळ पदार्थात फुगून बुळबुळीत होते, गाळणीतून निम्मी खाली उतरते आणि शेवटचा घोट घशाला चिकटतो.

लवंगेच्या बाबतीत हात आखडताच ठेवायचा. चार म्हणजे चार. सहा-सात झाल्या की पेयाला दातांच्या दवाखान्याचा वास येतो, आणि तो कल्पनेचा खेळ नसतो. दातदुखीवर लावतात ते लवंगेचं तेल आणि हा वास एकच. चक्रीफुलाचंही तसंच, अख्खं फूल टाकलं तर संत्रं मागे पडतं आणि बडीशेपेचं सरबत प्यायल्यासारखं होतं.

आलं ठेचून पाकातच उकळा. किसून पिळलेला कच्चा रस वरून घातला तर तिखटपणा वेगळाच टोचतो आणि तळाशी पांढरा साका बसतो.

पाक

आधी सालीचा कीस, आणि तोही संत्री सोलण्यापूर्वी. नागपुरी संत्र्याची साल सैल असल्यामुळे एकदा सोलली की ती किसणीवर धरताच येत नाही, वाकते आणि बोटं सोलवटतात. संत्री कोमट पाण्यात ओल्या फडक्याने चोळून धुवा, कारण बाजारच्या फळांवर चकाकीसाठी मेण लावलेलं असू शकतं. मग अख्खं फळ तळहातात धरून जायफळाच्या बारीक किसणीवर अलगद फिरवा. एका जागी दोनदाच, मग फळ थोडं वळवायचं. केशरी थर तेवढा यायला हवा. खालचा पांढरा भाग दिसू लागला की तिथून हात काढा, तो कडू असतो. किसताना बोटांना तेलकट ओल लागते आणि वास नाकात भरतो. पाकात संत्र्याचा दरवळ येतो तो या तेलामुळे, रसामुळे नव्हे.

जाड बुडाच्या छोट्या पातेल्यात दालचिनी, लवंग, मिरी, वेलची आणि चक्रीफूल मंद आचेवर अर्धा मिनिट कोरडं गरम करा. वास सुटला की पुरे. रंग बदलेपर्यंत भाजलं तर गरम मसाल्याकडे झुकतं. लगेच पाणी आणि आलं घाला, उकळी आली की आच अगदी मंद करा आणि झाकण ठेवून १० मिनिटं शिजू द्या. झाकण महत्त्वाचं. घरभर घमघमाट सुटला म्हणजे तेवढा मसाला हवेत गेला.

आता साखर घालून विरघळेपर्यंतच ढवळा. तार येईपर्यंत आटवायचं नाही. एकतारी झालेला पाक थंड सोड्यात तळाशी जाऊन बसतो आणि चमच्याने कितीही ढवळलं तरी लवकर मिसळत नाही. गॅस बंद करा, सालीचा कीस आणि पादेलोण घाला, झाकून २० मिनिटं ठेवा. कीस उकळायचा नाही, नाहीतर त्याचा ताजा वास उडतो आणि कडवटपणा राहतो. मीठ पाकातच घालण्याला दोन कारणं आहेत. थोड्याशा मिठाने जिभेला कडूपणा कमी जाणवतो, आणि हेच मीठ नंतर सोड्यात टाकलं तर फसफसून ग्लासाबाहेर येतो.

वीस मिनिटांनी मलमलच्या फडक्यातून गाळून घ्या. साधारण २२० मिलि पाक मिळेल. ‘मुरू दे अजून’ म्हणून मसाला रात्रभर आत ठेवण्याचा मोह होतो. सकाळी त्यात फक्त लवंग उरते, बाकी सगळ्यांवर ती चढून बसते. गाळलेला पाक कोरड्या काचेच्या बाटलीत, फ्रीजमध्ये दहा-बारा दिवस चांगला राहतो.

साखरेऐवजी गूळ चालेल, १७० ग्रॅम घ्या. पण मग रंग मातकट होतो आणि गुळाची स्वतःची चव संत्र्याशी भांडते. गूळ गरम प्रकाराला शोभतो, सोड्याच्या ग्लासाला नाही.

रस

पाक पूर्ण थंड झाल्यावरच रसाला हात घाला. आधी काढून ठेवण्याची घाई नको.

संत्री सोला, वरचे पांढरे दोरे जमतील तेवढे काढा. सोललेलं संत्रं आडवं कापा, स्टीलच्या गाळणीवर मुठीत धरून पिळा. बिया अख्ख्या गाळणीत पडतात, पापुद्रे हातात राहतात. अशी आठ संत्री पिळायला दहा मिनिटंही लागत नाहीत. लिंबू पिळायच्या यंत्रात सालासकट अर्धं संत्रं दाबू नका. सालीतलं तेल जास्त प्रमाणात रसात उतरलं की जीभ चरचरते.

मिक्सरच वापरायचा असेल तर फोडीच्या आतल्या सरळ कडेला कात्रीने चीर द्या, बिया तिथेच असतात, त्या अंगठ्याने बाहेर ढकला आणि मग मिक्सर एकदाच, दोन सेकंद फिरवा. एका संत्र्यात दहा-बारा फोडी, आठ संत्र्यांच्या ऐंशीच्या वर. हे करताना हाताने पिळणं किती सोपं होतं ते कळतं.

गाळणीत उरलेला चोथा चमच्याने रगडून शेवटचा थेंब काढण्याची सवय इथे सोडून द्या. त्या दोन चमच्यांत सगळ्यात जास्त पापुद्रा असतो. रस स्टीलच्या किंवा काचेच्या भांड्यात झाकून ठेवा आणि तासाभरात वापरा. कल्हई नसलेल्या पितळी किंवा तांब्याच्या भांड्यात तो कळकतो, मग ते भांडं टेबलावर कितीही देखणं दिसो.

ग्लास भरणं

ग्लासाच्या कडेला तिखट-मीठ लावायचं असेल तर ते सगळ्यात आधी. दोन चमचे बारीक मीठ, एक चमचा पिठीसाखर, अर्धा चमचा ब्याडगी मिरचीचं तिखट, पाव चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड. लिंबाची फोड कडेच्या फक्त बाहेरच्या अंगाने फिरवा, ग्लास ताटलीत तिरका धरून गोल फिरवा आणि दहा मिनिटं वाळू द्या. आतल्या अंगाला लागलेलं मीठ पेयात पडतं. फ्रीजमधून काढलेल्या गार ग्लासावर हे करू नका, त्यावर बाष्प जमतं आणि लाल ओघळ खाली येतात.

३०० मिलिच्या उंच ग्लासात आधी पाक ३० मिलि. आंबियाची संत्री फार आंबट असतील तर ४०, मृगाची असतील तर २५. मग एक छोटा चमचा लिंबाचा रस, मग १०० मिलि संत्र्याचा रस. इथे चमच्याने नीट ढवळा आणि चाखा. या टप्प्यावर चव थोडी जास्तच गोड, जास्तच मसालेदार लागायला हवी. बर्फ आणि सोडा पडल्यावर ती विरते, शिवाय गार पदार्थाची गोडी जिभेला कमी लागते. इथेच चव ‘अगदी बरोबर’ वाटली तर ग्लास तयार झाल्यावर पेय पाणचट लागणार.

बर्फाचे तीन-चार मोठे खडे. चुरा नको. शेवटी ८० मिलि सोडा, ग्लास तिरका धरून कडेने हळू. रसातल्या गराच्या कणांवर सोड्याचे बुडबुडे धरतात आणि फेस एकदम वर येतो, म्हणून थांबत थांबत ओतायचा. फेस फार येत असेल तर रस आणखी एकदा बारीक गाळणीतून काढा. लांब चमचा तळापर्यंत नेऊन एकदाच वर उचला. गरागरा ढवळलं की सोड्यातला वायू निघून जातो. वरून जायफळ, किसणीवर तीन-चार घासे. त्याहून जास्त जायफळ साबणासारखं लागतं.

पुदिना, सब्जा वगैरे उन्हाळ्यासाठी राखून ठेवा. या चवीत पुदिना घुसला की दालचिनी दिसेनाशी होते.

शेकोटीजवळ: गरम ग्लास

हुरड्याच्या पार्टीला किंवा विदर्भातल्या जानेवारीच्या रात्री बर्फ कोणालाच नको असतो. तेव्हाही रस गॅसवर जात नाही. माणशी २५ मिलि पाक आणि ७५ मिलि पाणी एकत्र करून सणसणीत उकळी आणा. कपात १०० मिलि रस घ्या, तो फ्रीजमधला नको, घरातल्या तापमानाचा असू द्या. त्यावर हे उकळतं पाक-पाणी ओता. साधारण ५५ अंशांचं मिश्रण होतं: पिण्याजोगं गरम, आणि लगेच प्यायलं तर कडवट व्हायला वेळच मिळत नाही. रस फ्रीजमधला असेल तर तेच जेमतेम ५० पर्यंत येतं आणि कपात पडताच कोमट होतं. कप आधी गरम पाण्याने विसळून घेतला तर आणखी बरं. पातळ काचेचा ग्लास तडकू शकतो, स्टीलचा पेला किंवा चिनीमातीचा कप घ्या.

गरम प्रकारात लिंबू निम्मं करा, सोडा अर्थातच नाही. लहान मुलांसाठी करताना मिरी वगळा आणि आलं निम्मं घ्या.

दुसरी फळं

हाच पाक पेरूलाही छान लागतो. गुलाबी गराचे दोन पिकलेले पेरू, साधारण ३०० ग्रॅम, ४०० मिलि पाण्यात मिक्सरवर थांबत थांबत तीन-चारदा फिरवा आणि गाळा. सलग फिरवलं तर बिया फुटून रस रवाळ होतो. लिंबू जरा जास्त, कडेला तिखट-मीठ हवंच. पेरूचा रस ठेवला की दाट होत जातो, म्हणून प्रत्येक वेळी सोड्याचं प्रमाण डोळ्यांनी बघून ठरवा.

डाळिंबाचा रस मात्र गरम करायला बिनधास्त, उकळी न आणता. भगवा जातीच्या डाळिंबाचे दाणे फडक्यात बांधून पिळा. मिक्सरमध्ये दाण्यांतली बी फुटली की तोंड तुरट होतं.

पंचवीस जणांसाठी

संत्री सहा-सात किलो. पाकाला साखर ५५० ग्रॅम, पाणी ६०० मिलि. मसाला हिशोबाने साडेतीन-चारपट होतो, पण लवंग फक्त दहा-अकरा घ्या आणि चक्रीफूल एक. पाक दोन दिवस आधी करून ठेवता येतो, सोडा आदल्या रात्री फ्रीजमध्ये आडवा न ठेवता उभा. रस पाहुणे यायच्या आधी अर्धा तास, दोघांनी मिळून. एका मोठ्या भांड्यात रस, पाक आणि लिंबू एकत्र करा, सोडा मात्र प्रत्येक ग्लासात वेगळा. भांड्यातच सोडा ओतला तर दहाव्या पाहुण्यापर्यंत नुसतं सरबत उरतं.

परदेशात नागपुरी संत्रं मिळत नाही, तिथे क्लेमेंटाइन किंवा सात्सुमा घ्या. बहुधा बिया नसतात, साल सुटी असते, रसही गोड. नेव्हल संत्री दिसायला रुबाबदार, पण त्यांचा रस कडवट होण्याबद्दल बदनाम आहे. तीच वापरायची असतील तर पिळल्यापासून पंधरा मिनिटांत ग्लास रिकामे व्हायला हवेत.

गाळून उरलेली दालचिनी, वेलची आणि आलं फेकू नका, दुसऱ्या दिवशीच्या चहाला एक उकळी पुरेल इतका जीव त्यांत असतो. लवंगा तेवढ्या वेचून काढा.